आप्पांना हात ओळखू यायचे

काशिनाथआप्पांनी माझा चेहरा कधी धड पाहिला असेल असं मला वाटत नाही. अकरा वर्षं मी त्यांच्या बांगड्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहिले, रोज येता-जाता "आप्पा, जेवलात का" म्हणत राहिले. पण रस्त्यात समोरासमोर आलो तर ते खुशाल पुढे निघून जायचे. एकदा भाजीबाजारात मी हाक मारली. ते थांबले, माझ्या तोंडाकडे परक्यासारखं बघत राहिले, मग त्यांची नजर पिशवी धरलेल्या माझ्या हातावर गेली आणि चेहरा एकदम उजळला. "आवं, दोन-चार मॅडम व्हय! मी म्हणलं, कोण बाई हाक मारायलीय!"

दोन-चार हे माझ्या बांगडीचं माप. परळीतल्या निम्म्या बायका त्यांच्या लेखी अशाच होत्या. दोन-सहा वहिनी, दोन-आठ मावशी, 'डाव्या अंगठ्याचं हाड वर आलेली' शिक्षकीणबाई. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. "नाव काय, आईबापानं ठिवलं म्हणून हाय. तोंड तर खोटंबी बोलतं. हात न्हाई बोलत."

मी तेलगावची. परळीच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा खोली शोधत वैजनाथाच्या देवळाखालच्या गल्लीत फिरत होते. हातात घड्याळाशिवाय काही नव्हतं. आप्पांनी गादीवरूनच माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जागा देतो. पण रिकाम्या हातानं माझा जिना चढायचा न्हाई." मी शिकलीसवरलेली, मला त्याचा थोडा राग आला; पण खोली हवी होती म्हणून गुमान बसले. त्यांनी माझा हात दोन्ही तळव्यांत धरला, बोटांचे सांधे एकेक करून चाचपले, डबा न बघता मागे हात घालून बरोबर मापाच्या चार हिरव्या बांगड्या काढल्या. माझा हात काठीसारखा ताठ झाला होता. "सैल सोडा, मॅडम," ते म्हणाले. "बांगडी न्हाई टोचत. भ्या टोचतं." आणि मी सैल सोडेपर्यंत ते बांगडी तशीच बोटांवर धरून बसले. दुकानात गर्दी होती, तरी त्यांना कसली घाई नव्हती.

त्यांच्या हातांविषयी गल्लीत खूप गोष्टी सांगत. मी स्वतः पाहिलेली एक सांगते. एका लग्नघरच्या बायका नवरीला घेऊन चुडा भरायला आल्या होत्या. आप्पांनी मुलीचा हात धरला, नखं दाबून पाहिली आणि बांगड्या बाजूला ठेवल्या. "हिच्या अंगात रगत न्हाई. आधी दवाखान्यात दाखवा, मग चुडा भरू." मुलीची आत्या फणकारली, लग्नाच्या तोंडावर अपशकुन करता म्हणून. आप्पा ढिम्म. शेवटी गेल्या दवाखान्यात. तिथं मुलीला दोन दिवस ठेवून घेतलं. पुढे ती मुलगी दर श्रावणात यायची आणि बांगड्या भरून झाल्यावर रीतीप्रमाणे त्यांना नमस्कार करताना वाकायची ती जरा जास्तच.

अशा माणसाला आपल्याच घरातला हात कळला नाही. खरं तर मलाही कळला नाही, आणि मी तर जीवशास्त्राची बाई.

रेवा त्यांची नात. मुलगा वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे कामाला, त्यामुळे ही पोर दिवसभर दुकानात आजोबांच्या मांडीला टेकून असायची. तीन वर्षांची असताना थंडीत तिच्या बोटांची टोकं निळी पडली. मग त्यावर बारीक फोड आले आणि फुटून जखमा झाल्या. मधूनच ताप यायचा, आणि खोकला तर सतत. आप्पा तिची बोटं दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसायचे. "गार कावून पडतात गं तुझे हात? मफलर गुंडाळ बरं." गळ्यातला स्वतःचा मफलर काढून ते तिच्या हातांना गुंडाळायचे आणि ती तशीच, दोन हातांचं गाठोडं पुढे धरून, दुकानभर फिरायची.

आता परळीत कुणी खोकलं की त्याचं कारण शोधावं लागत नाही. कारण गच्चीवर पडलेलंच असतं. पांढरा कपडा वाळत घातला तर संध्याकाळी त्यावर बोटानं नाव लिहिता येतं. दुधावर, तुळशीवर, देवाच्या फोटोच्या काचेवर, सगळीकडे वीज केंद्राच्या कोळशाची राख. डॉक्टरही खोकल्याचं औषध देताना खिडकीकडे बोट दाखवतात. रेवाचा बाप तर अंगावर राख घेऊनच घरी यायचा. सगळ्यांनी ठरवून टाकलं, पोरीला राख बाधतेय.

आप्पांनी मला विचारलं. वर चढून आले, दारातच उभे राहिले. "मॅडम, तुमी शिकलेल्या हायत. राखंनंच हाय ना हे?"

मी म्हणाले, "राखच असणार, आप्पा. फुप्फुसात बसते ती. हिला इथून हलवा."

बोटांचं मी मनावरच घेतलं नाही. थंडीचं फुटलं असेल म्हटलं. खोकला आणि बोटं या दोन गोष्टी एकत्र मांडून बघाव्यात एवढंही मला सुचलं नाही. वर्गात मात्र मी रोज पोरांना सांगत होते की लक्षणं सुटी सुटी बघू नका.

सुनेचं माहेर चकलांब्याचं. तिकडे मोकळं रान आणि स्वच्छ हवा. अनिता पोरीला घेऊन तिकडे गेली आणि दीड वर्ष राहिली. आप्पा दर पंधरा दिवसांनी एसटीनं जायचे. आले की मला सांगायचे, "तिथं राखेचा कण न्हाई, मॅडम. तरीबी खोकतीच पोर. जुनी राख निघायला वेळ लागतो का?" मी म्हणायचे, लागतो. मला काहीही माहीत नव्हतं, आणि मी लागतो म्हणत होते. दुसऱ्या हिवाळ्यात रेवाच्या उजव्या करंगळीचं टोक काळं पडलं आणि गळून गेलं. तेव्हा तिला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिची बोटं आणि छातीचा फोटो शेजारी शेजारी ठेवला आणि रक्त कुठल्या तरी मोठ्या तपासणीला पाठवलं.

अहवाल आला तो आप्पा माझ्याकडे घेऊन आले. सहा पानं, सगळी इंग्रजी. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पण आमाला काय उमगलं न्हाई. तुमी वाचून सांगा." मी वाचलं आणि मलाही उमगलं नाही. आमच्या पुस्तकात जन्मजात प्रतिकारशक्तीला दीड पान आहे. आठवडाभर जिथून मिळेल तिथून वाचलं, पुण्याच्या बाईंना दोनदा फोन केला, त्यांनी न कंटाळता समजावलं. मग एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना आप्पांसमोर बसले.

"आप्पा, ओंजळ करा," मी म्हणाले. त्यांनी केली. तान्ह्या बाळाची असते तसली सगळ्यात लहान बांगडी डब्यातून घेऊन मी हातात ठेवली. "आपल्या शरीराच्या बहुतेक पेशींत अशा ओंजळी असतात. स्टिंग म्हणतात त्या प्रथिनाला. दोन सारखी प्रथिनं शेजारी शेजारी, तुमच्या या दोन तळव्यांसारखी. रोज उघडीच असतात, रिकामी."

"कशाची वाट बघतात?"

"कडीची. बघा, जनुकांचा धागा पेशीच्या आतल्या खोलीत असायला हवा. तो बाहेरच्या खोलीत दिसला की समजायचं, घरात कुणीतरी शिरलंय, किंवा आपलंच काहीतरी फुटलंय. मग दुसरं एक प्रथिन त्या धाग्याला धरतं आणि तिथल्या तिथं दोन मणी जोडून एक बारीक कडी तयार करतं. ती कडी म्हणजे निरोप." मी बांगडी त्यांच्या ओंजळीत सोडली. "ती इथं येऊन बसली की ओंजळ मिटते. मिटली की घंटा. मग ताप, सूज, सगळी फौज जागी होते. काही जंतूसुद्धा आपापसांत बोलायला अशाच कड्या वापरतात. त्याही या ओंजळीला कळतात, पण घरची कडी जास्त घट्ट बसते."

"कळंलच की," आप्पा म्हणाले. "घरच्या मापाची अन् बाजारच्या मापाची हाताला कळतीच." मग हसून म्हणाले, "आमच्यात हात बांगडीत जातो. तुमच्यात बांगडी हातात जायली, एवढाच फरक."

मला वाटलं, किती पटकन धरलं या माणसानं. माझ्या बारावीच्या पोरांना हे सांगायला तीन तास लागले असते. आणि मग मला पुढचं सांगावं लागलं. मी त्यांच्या ओंजळीतली बांगडी उचलून घेतली आणि त्यांचे रिकामे हात तसेच मिटवले.

त्यांनी मिटलेल्या हातांकडे पाहिलं. "बांगडीबिगरच मिटलाय," म्हणाले.

"हो. तिच्या जनुकात एका अक्षराची चूक आहे, आईबापाकडून न आलेली, तिच्यातच नव्यानं झालेली. कडी येवो न येवो, ओंजळ मिटलेलीच. घरात कुणी नाही आणि घंटा वाजतेय. त्या घंटेनं तिच्या बोटांच्या रक्तवाहिन्या सुजतात, फुप्फुसं सुजतात."

"कवापासून?"

"जन्मल्यापासून."

"मग राख?"

"राखेचा यात संबंध नाही, आप्पा."

त्यांनी माझ्या हातातली बांगडी डब्यात ठेवली, डबा फडक्यानं पुसला, दुसरा घेतला, तोही पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमीबी राखच म्हणलतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पुण्याच्या बाईंना मी नंतर विचारलं, दीड वर्ष आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, आधी आला असतात तर बरं झालं असतं. पण किती फरक पडला असता ते कुणीच सांगू शकत नाही. मी आप्पांना यातलं फक्त दुसरं वाक्य सांगितलं.

त्यानंतर आप्पा आमच्यापैकी कुणाहीपेक्षा चांगले मास्तर झाले. चकलांब्याचे पाहुणे आले आणि त्यांच्यातली एक म्हातारी अनितावर घसरली, की हिनं पोटुशी असताना काहीतरी खाल्लं असंल, ग्रहण पाळलं नसंल. आप्पांनी सगळ्यांना गादीवर बसवलं, प्रत्येकाला ओंजळ करायला लावली, आणि बांगडी ठेवून, बांगडी काढून, सगळं समजावलं. शेवटी म्हणाले, "हे अक्षर आईचं न्हाई, बापाचं न्हाई. पोरीचं पोरीनंच आणलंय. माझ्या सुनेला कुणी बोल लावायचा न्हाई." दीड वर्ष खालमानेनं वावरणारी अनिता त्या दिवशी दाराआड उभी राहून मोठ्यानं रडली.

मला मात्र ते दर आठवड्याला एकच विचारायचे. "मॅडम, हात उघडायचं औषध निघालं का?"

निघालं नव्हतं. घंटेचा आवाज कमी करणाऱ्या गोळ्या होत्या, त्या पुण्याहून सुरू झाल्या. "म्हंजी घंटा वाजतीच हाय, आपण कानात बोळे घालायलोत," आप्पा म्हणाले, आणि ते अगदी बरोबर होतं. खुद्द ओंजळच उघडणारं औषध अजून प्रयोगशाळेत, उंदरांवर. हे सांगितल्यावर ते खूश झाले. "उंदरापतुर आलंय ना? मग आपलाबी नंबर लागंल." मी मान हलवली. त्या माणसासमोर मान हलवण्याखेरीज मी त्या काळात काही केलं नाही. बारावीला मी प्रतिकारशक्ती शिकवत होते, पोरांना गुण मिळत होते, आणि खाली रेवा खोकत होती.

गोळ्यांनी ताप हटला, बोटांच्या जखमा भरल्या. रेवा सात वर्षांची झाली. एका दुपारी दुकान बायकांनी भरलेलं असताना तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "आप्पा, सगळ्यांला बांगड्या भरता, मला कावून न्हाई?"

आप्पांनी तिला कधीच भरल्या नव्हत्या. बांगडी चढवायची म्हणजे अंगठ्याचं मूळ दाबून हात चेपावा लागतो, आणि तिच्या हाताला बोट लावलं तरी ती ओरडायची. त्यांनी पेचाचं कडं पुढे केलं, उघडून घालायचं. "काचंच्या पायजेत," रेवा म्हणाली. आप्पांनी तिचा हात घेतला. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना माप चुकवताना पाहिलं, आणि मुद्दाम. दोन मापं मोठ्या, लाल काचेच्या बांगड्या त्यांनी काढल्या. हात चेपायलाच नको. बांगडी साबणाशिवाय सरळ आत गेली. रेवानं डोळे मिटून घेतले होते, ते उघडले. "झालं?" "झालं." मग तिनं रीतीप्रमाणे आप्पांना नमस्कार केला, तेव्हा हात खाली झाले आणि चारही बांगड्या निसटून गादीवर पडल्या.

आम्ही सगळ्या बायका घाबरून बघत राहिलो. रेवानं बांगड्या उचलल्या, आपल्या आपण हातात घातल्या आणि कोपर वाकवून दोन्ही हात वर धरले. रात्री झोपेपर्यंत ती तशीच हात वर करून वावरली. अनितानं तिला घास भरवले. आप्पा म्हणत होते, "लई शहाणी हाय. माप चुकलं दुकानदाराचं, अन् सांभाळून घ्यायलीय गिऱ्हाईक."

फुप्फुसं मात्र आधीच आक्रसली होती. गोळ्यांना ती मागे आणता आली नाहीत. पुढच्या हिवाळ्यात, कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना, मला फोन आला. मी पोहोचेपर्यंत रेवा गेली होती. आप्पा पलंगाशेजारी बसले होते आणि तिची बोटं दोन्ही तळव्यांत धरून चोळत होते. कुणी त्यांना थांबवत नव्हतं. मीही थांबवलं नाही.

त्या जूनमध्ये माझी बदली गेवराईला झाली. निघताना आप्पांनी मला बांगड्या भरल्या, पण हात पूर्वीसारखा चाचपला नाही, आणि औषधाचं विचारलं नाही. मला ते फार लागलं. त्यांनी विचारायला हवं होतं.

पुढच्या मे महिन्यात अनिताचा फोन आला. आप्पांना अर्धांगवायू झाला होता, उजवं अंग गेलं होतं, माणसं ओळखत नव्हते. मी एसटीनं गेले. भर दुपारी स्टँडपासून चालत आले, अंग भाजून निघालं होतं, तळहात तर नुकत्याच तव्यावरून काढल्यासारखे. आप्पा दुकानामागच्या खोलीत पडून होते. डोळे उघडे, पण माझ्या चेहऱ्यावरून नजर निसटून गेली. त्याचं मला काही वाटलं नाही, तो चेहरा त्यांनी कधीच ओळखला नव्हता. मी पलंगावर बसले आणि माझा हात त्यांच्या डाव्या हातात दिला.

बोटं हलू लागली. माझे सांधे त्यांनी एकेक करून चाचपले, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, अगदी पहिल्या दिवशीसारखे. मी वाट बघत होते, आता म्हणतील, दोन-चार मॅडम. साऱ्या जन्मात त्यांचा हात कधी चुकला नव्हता.

"रेवा," ते जड जिभेनं म्हणाले. "गार कावून पडला गं हात?"

दारात उभी असलेली अनिता पुढे आली. "आप्पा, मॅडम हायत त्या..." मी मान हलवून तिला थांबवलं. काय सांगणार होतो आम्ही त्यांना? आप्पा एका हातानं माझी बोटं चोळायला लागले. एकाच हातानं नीट चोळता येत नव्हतं, तरी चोळत होते. मला रडू येत होतं आणि ते आवरायच्या धडपडीत माझा हात ताठ झाला होता. तो त्यांना लगेच कळला.

"सैल सोड," ते म्हणाले. "भ्या टोचतं."

मी हात सैल सोडला.